कर्जत एवढं मोठं कधी झालं?

कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ चौकजवळ हातनोलीत आहे, म्हणजे खालापूर तालुक्यात. तरी लोकांच्या तोंडी तो पहिल्यापासून ‘कर्जतचा स्टुडिओ’. त्यात कुणाचा कावा नव्हता. लोकल कर्जतपर्यंत जात होती, आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं जोडेपर्यंत फलाटावर वडापाव खाल्लेल्या प्रत्येकाला ते नाव पाठ होतं. पुढच्या वीस वर्षांत इंटरनेटवरच्या जाहिरातीने हीच सवय उचलली आणि तिचा बाजार मांडला. आज नेरळपासून खोपोलीपर्यंत आणि काशेळ्यापासून चौकपर्यंतचा सगळा पट्टा, तालुक्याच्या हद्दी ओलांडून, ‘कर्जत’ म्हणून विकला जातो.

या भागात पर्यटन इंटरनेटने आणलं असं म्हणणं खरं नाही. नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत शहरी पाहुण्यांना शेती दाखवायला सुरुवात केली ती 1985 च्या सुमारास. माथेरानची छोटी गाडी 1907 पासून धावते. तेव्हा गिऱ्हाईक यायचं ते ओळखीतून, शाळांच्या सहलींतून, वर्तमानपत्रातल्या लेखांतून. मग 2002 पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाडीवाला मुंबईकर दोन तासांच्या अंतरावर आला, आणि त्याच काळात रिसॉर्टवाल्यांच्या पहिल्या वेबसाइट तयार होऊ लागल्या.

त्या काळच्या युक्त्या आज बाळबोध वाटतात. पानाच्या तळाशी मुंबई, पुणे, ठाणे, पनवेल, लोणावळा, खंडाळा अशी नावांची माळ लावायची. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तीच माळ पुन्हा लिहायची, म्हणजे पाहुण्याला दिसत नाही आणि शोधयंत्राला दिसते. पानाच्या पोटात लपवायच्या ‘कीवर्ड’ची यादी गूगल वाचतच नाही, हे गूगलने 2009 मध्ये जाहीर केलं, तरी ती भरून देण्याचे पैसे घेणारे नंतरही होते. खरा दणका बसला तो 2011 च्या ‘पांडा’ आणि 2012 च्या ‘पेंग्विन’ या बदलांनी. उसना, पोकळ मजकूर आणि विकत घेतलेल्या लिंक यांच्या जोरावर वर आलेली पानं जगभर मागे पडली. छोट्या धंदेवाल्याला ‘आपण पहिल्या पानावरून का गेलो’ हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

2013 च्या एप्रिलमध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं, आणि खालापूर तालुक्याला प्रथमच मोठ्या पैशाची जाहिरात मिळाली. तिचा फायदा तालुक्याच्या नावाला झाला नाही. आसपासच्या लॉजनी आपल्या पत्त्याआधी ‘इमॅजिकाजवळ’ लिहायला घेतलं, कारण लोक तेच शोधत होते. खालापूर शोधणाऱ्याच्या लेखी खालापूर म्हणजे टोलनाका आणि फूड मॉल. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये कारतलबखानाला कोंडीत पकडलं ती उंबरखिंड याच तालुक्यात, चावणीजवळ आहे. त्या नावावर खोल्या विकल्या जात नाहीत, म्हणून तिच्याबद्दल नीट माहिती लिहून ठेवण्याची कुणाला घाई झाली नाही.

नावांचा गोंधळही कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या वाट्याला भरपूर आला आहे. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं महड खालापुरात. चवदार तळ्याचं महाड दूर दक्षिणेला सावित्रीकाठी. मराठीत दोन्ही वेगळी दिसतात, रोमन लिपीत सारखीच लिहिली जातात. परगावचा भक्त नकाशाच्या भरवशावर निघाला तर चुकणं शक्य आहे. कर्जतचं दुखणं उलटं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं दुसरं कर्जत 2019 च्या कर्जत-जामखेड निवडणुकीने राज्यभर गाजलं, आणि मराठीत ‘कर्जत’ लिहिलं की तिथलं राजकारण पुढे येऊ लागलं. इंग्रजीत लिहिलं की रायगडातले पोहण्याचे तलाव. गिऱ्हाईक इंग्रजीत शोधतं म्हणून विक्रीचा सगळा मजकूर इंग्रजीत झाला, आणि इथल्या माणसाला स्वतःच्या तालुक्याबद्दल मराठीत शोधून फारसं काही हाती लागेना. या सगळ्या काळातलं मोठं नुकसान मला हेच वाटतं.

इथल्या लोकांना आपलं नाव स्वतः लावण्याची संधी आली होती. 2014 मध्ये गूगलने धंद्याची नोंद नकाशावर फुकट करण्याची एकत्रित सोय दिली. खानावळ, चहाची टपरी, घरगुती मुक्काम, कुणालाही आपली खूण लावता येणार होती. अट एकच: पत्ता खरा आहे हे पटवायला गूगल टपालाने कार्ड पाठवायचं, त्यावरचा आकडा भरायचा. खांडस, जांबरुंग, साळोख या बाजूला पत्ता म्हणजे ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव. ठाकरवाडीतल्या घराकडे तर गावापासूनही वेगळं चालत जायचं. असल्या पत्त्यावर कार्ड पोचण्याची खात्री कशी देणार? मुंबईतल्या एजंटाला असल्या अडचणी नव्हत्या. त्याने बंगले भाड्याने घेतले, नोंदी स्वतःच्या फोन नंबरवर केल्या, एकच बंगला दोन-तीन नावांनी मांडला. बंगल्याच्या आवारात राहणारं, चूल पेटवणारं, गादी घालणारं कुटुंब नोंदीत कुठेच नाही.

मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं. ज्या रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना ऐंशीच्या दशकापासून रसायनीला आहे, तिच्याच स्वस्त डेटाने या खोऱ्यातल्या तरुणांच्या हाती पूर्ण इंटरनेट आलं. ज्यांना संधी मिळाली त्यांनी ती नेटाने साधली. भीमाशंकरला खांडसमार्गे शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने जाणाऱ्यांना वाट दाखवणारी, कोथळीगडाखाली पेठ गावात जेवण देणारी घरं आता फोनवरून ठरवता येतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्याने शेतकऱ्याच्या केंद्राला सरकारी नोंदणीचा आधार मिळाला. पण शब्दांचा लिलाव चालूच राहिला. ‘मुंबईजवळ रिसॉर्ट’ या शोधावर वर दिसायला पैसे मोजायचे, आणि ते मोजायची ताकद बुकिंग कंपन्यांची. कमिशन त्यांचं, खरकटं गावाचं.

विश्वासही विकाऊ झाला. पैसे देऊन मिळवलेले पाच तारे इतके वाढले की भारतीय मानक ब्यूरोला नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणावं लागलं. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याचा धाक बेताचाच. जमिनीच्या जाहिरातींत थोडी शिस्त आली ती 2017 मध्ये महारेरा आल्यावर, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाल्यावर. तरी ‘कर्जतमध्ये फार्महाऊस प्लॉट’ अशा ओळीखाली, महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते हे वाक्य शोधूनही सापडणं कठीण.

पैशाचं नुकसान भरून निघतं, जिवाचं नाही. म्हणून पावसाळी सहलींच्या वेबपानांबद्दल बोलताना मला राग येतो. ‘मुंबईजवळचे दहा धबधबे’ हा मजकूर एकमेकांकडून उचलून शेकडो ठिकाणी छापला गेला. भिवपुरी, सोलनपाडा, खोपोलीचा झेनिथ धबधबा. माणसं वाहून जातात, मग धबधबे आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात, आणि पानांवर ‘उत्तम काळ: जुलै, ऑगस्ट’ तसंच राहतं. ते पान लिहिणाऱ्याने ते पाणी पाहिलेलं नसतं.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या वाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले. त्याआधी इंटरनेटवर इर्शाळगड म्हणजे एक सोपा-मध्यम ट्रेक होता, आणि वाडी म्हणजे त्या वाटेवरचा एक टप्पा. त्या वाडीतली माणसं कोण, ती तिथे किती पिढ्या राहत होती, हे जग दुर्घटनेनंतर वाचू लागलं.

ऑगस्ट 2024 पासून गूगल भारतातही बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच्या वर स्वतःच तयार करून देऊ लागलं आहे. ती उत्तरं आधी लिहिलेल्या मजकुरातूनच येतात. आपल्या दोन तालुक्यांबद्दलचा मजकूर बहुतेक खोल्या विकणाऱ्यांनी लिहिलेला आहे, म्हणजे उत्तरंही तशीच येणार. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग सुरू झाला की गर्दी आणखी वाढेल. त्याआधी ग्रामपंचायतींनी, बचतगटांनी, कॉलेजच्या मुलांनी करण्यासारखं काम साधं आणि बिनपैशाचं आहे. नकाशावरच्या खुणेत बदल कुणालाही सुचवता येतो. धबधब्यावर बंदी असेल तेव्हा त्याच्या खुणेवर ‘तात्पुरतं बंद’ सुचवावं. वाडीचं नाव वाडीचंच लिहावं. वाट दाखवणाऱ्याचा नंबर, त्याच्या संमतीने, त्याच्याच नावावर असावा. आणि चौकचं घर चौकचंच म्हणून नोंदवावं.