ठिणगीवाचून चालणारे इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेच्या ठिणगीची तजवीज करावी लागते. परंतु ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात रुडोल्फ डिझेल याने १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात तिचे प्रयोजनच उरले नव्हते, कारण हवा पुरेशी दाबली असता ती आपोआप इतकी तप्त होते की तीत फवारलेले तेल तत्क्षणी पेट घेते. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड गरम लागते, त्यामागील तत्त्व हेच. प्राध्यापक श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कार्यात परिणत झाली. तत्कालीन वाफेच्या यंत्रांना हे प्रमाण दुरापास्तच होते.

माझ्या मते मात्र या यंत्राचा खरा चमत्कार दट्ट्यात नसून इंधनाच्या पंपात आहे. प्रारंभी तेल आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचा स्वतंत्र, अवजड सरंजाम बाळगावा लागे, त्यामुळे हे इंजिन मोटारीत बसविणे दुष्कर होते. १९२७ साली बॉश यांच्या कारखान्यातून आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले, तेव्हा कोठे मालमोटारींचा मार्ग प्रशस्त झाला. या पंपातील दांडा आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते, वंगणाचे काम खुद्द डिझेलच करते, आणि ही जोडी एकमेकांवर घासूनच सिद्ध केलेली असल्यामुळे एकीचा दांडा दुसरीच्या नळीत घालण्याची मुभा कोणताही जाणता कारागीर देत नाही.