छत्तीसच्या आकड्यात नऊ कुठून येतो?

दोघांचे अजिबात पटत नसेल तर त्यांचा 'छत्तीसचा आकडा' आहे असे म्हणतात. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. त्यांच्या जागा बदलल्या की तेच दोघे ६३ होऊन समोरासमोर येतात. आता ६३ मधून ३६ वजा करा. उरतात २७, म्हणजे नऊ त्रिक सत्तावीस. ८२ मधून २८ गेले की ५४, नऊ सक चोपन्न. कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, अंक उलटे करा आणि मोठीतून लहान वजा करा. अंक वेगवेगळे असतील तर उत्तर नऊच्या पाढ्यातच सापडते.

घरातल्या मुलांना ही गंमत दाखवली की ती पाच-दहा संख्या करून पाहतात आणि 'खरंच की!' म्हणतात. पण 'असे होते' हे कळणे वेगळे आणि 'असे का होते' हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेतले बीजगणित दोन ओळींत देते.

दशकस्थानचा अंक अ आणि एककस्थानचा अंक ब मानू. त्या संख्येची किंमत १०अ + ब. अंक उलटे केले की ती होते १०ब + अ. दोघींची वजाबाकी केली की उरते ९अ − ९ब, म्हणजेच ९ × (अ − ब). सिद्धता इथेच संपली. अ आणि ब च्या जागी कोणतेही अंक घाला, बाहेरचा नऊ हलत नाही. तो येतो दहातून एक वजा होऊन. दशकाच्या घरातला अंक एककाच्या घरात गेला की त्याची किंमत दहा पटीवरून एक पटीवर येते.

देवळालीच्या मास्तरांचे ६१७४

वजाबाकीच्या अशाच एका खेळातून शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकाचे नाव जगभर गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवले. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. राहात्याच्या ४२३१०७ या पिनकोडचे शेवटचे चार अंक घेऊन पाहा. ७३१० − ०१३७ = ७१७३. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४. यानंतर कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ च येत राहते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि हा आकडा जगाला माहीत झाला.

अशा चार अंकी संख्या आहेत ८,९९१. त्या सगळ्या तपासायच्या का? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर पहिली वजाबाकी होते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). दोन्ही भागांना नऊने भाग जातो, आणि अशी उत्तरे फक्त ५४ संभवतात. ८,९९१ संख्यांचे काम ५४ वर आले. तेवढी वहीत करून पाहता येतात, आणि जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठले जाते हे पटते.

रोजमेळ जुळत नाही तेव्हा

या नऊचा व्यवहारातही उपयोग आहे. समजा, राहात्याच्या बाजार समितीत पेरूचा व्यापार करणाऱ्या एखाद्या गाळ्यावर संध्याकाळी रोजमेळात ५४० रुपयांचा फरक येतो. जुना हिशेबनीस आधी ५४० ला नऊने भागून पाहील. निःशेष भाग गेला की कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यायचा. शतक आणि दशक या घरांतले अंक उलटले तर फरक ९० × (अ − ब) इतका असतो. ५४० भागिले ९० म्हणजे ६. मग सगळ्या पावत्या चाळण्याऐवजी ज्यात या दोन अंकांत सहाचा फरक आहे त्याच आधी पाहायच्या. ८२० च्या जागी २८० लिहिलेले तिथे सापडण्याची शक्यता मोठी.

इथे 'संशय' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादी चाळणी चाचणी जशी वापरतात तसे हे आहे. फरकाला नऊने भाग गेला नाही, तर केवळ अंकांच्या अदलाबदलीने चूक झालेली नाही, हे शंभर टक्के खरे. भाग गेला, तर मात्र रोग पक्का ठरत नाही. भलत्याच चुकीनेही फरक नऊच्या पटीत येऊ शकतो, कारण प्रत्येक नववी संख्या नऊच्या पाढ्यातली असते.

'एकतीस' ऐकताना

मराठीत ही अदलाबदल सहज होण्याजोगी आहे. 'एकतीस' म्हणताना आधी एक, मग तीस. लिहिताना मात्र आधी ३, मग १. बोलण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा उलटा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा पद्धतीचे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. थट्टाही पुष्कळ झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. त्या पद्धतीबद्दल मत काहीही असो, बोललेले आकडे लिहिताना उलटतात ही अडचण खरी आहे.

दवाखान्यात ती अडचण महागात पडते. तापाच्या मुलाला पॅरासिटामॉल देताना एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम धरतात. १३ किलोच्या मुलाला १९५ मिलिग्रॅम पुरतात. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते सुमारे ४ मिली होतात. गर्दीच्या ओपीडीत केसपेपरवर १३ चे ३१ झाले, तर हिशेब जातो ४६५ मिलिग्रॅमवर, म्हणजे ९ मिलीच्या पुढे. असा दुपटीहून मोठा डोस दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस गेला तर यकृताला इजा होऊ शकते. उलट ३१ चे १३ झाले, तर औषध निम्म्याहूनही कमी जाते आणि ताप उतरत नाही.

रोजमेळात फरक दिसतो, कारण तिथे ताडून पाहायला दुसरी बेरीज असते. केसपेपरवर वजनाचा आकडा एकटाच असतो. आधार क्रमांकात यावर तोडगा आहे. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून ठरवलेला पडताळणीचा अंक असतो. नुसती बेरीज करून तो ठरवला असता तर अदलाबदल कळलीच नसती, कारण अ + ब आणि ब + अ सारखेच. म्हणून याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली, क्रमाला महत्त्व देणारी रीत आधारसाठी वापरतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटले, तर क्रमांक जुळत नाही.

मुलाच्या वजनाला असा बारावा अंक नाही. तो माणसांनीच पुरवायचा. वजन सांगताना 'एकतीस' बरोबर 'तीन, एक' असे अंक सुटे म्हणावेत आणि लिहिणाऱ्याने ते परत वाचून दाखवावेत. एक ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंदाजाचे एक सूत्र आहे: वयाची दुप्पट अधिक ८. काही डॉक्टर 'वयात ४ मिळवा आणि दुप्पट करा' म्हणतात. बीजगणिताने दोन्ही एकच, २(व + ४) = २व + ८. तीन वर्षांच्या मुलाचे वजन या सूत्राने १४ किलोच्या आसपास येते. त्याच्या कागदावर ३१ दिसले, तर औषध घेण्याआधी तिथेच विचारावे. हे सूत्र आकड्यावर शंका घेण्यापुरतेच आहे. मात्रा ठरवायला मूल काट्यावर उभे करायलाच हवे. आईवडिलांनीही केसपेपरवरचे वजन एकदा स्वतः वाचावे, आणि ते पटले नाही तर पुन्हा वजन करायला सांगावे.