रिंग मोठी, मंडल लहान

रुखवतातला क्रोशाचा रुमाल ताटावरून उठून आता भिंतीवर गेला आहे. मधोमध साखळ्यांचं छोटं वर्तुळ, भोवती खांबांच्या रंगीत फेऱ्या आणि हे सगळं धातूच्या किंवा लाकडी रिंगेत ताणून बसवलेलं, म्हणजे क्रोशाचं मंडल. विणण्यात तरबेज असलेली माणसंही ते रिंगेत बसवताना अडतात, कारण हात रुमालाच्या सवयीने चालतो. रुमाल टेबलावर नुसता पसरलेला असतो. रिंगेतल्या मंडलाला मात्र चहूबाजूंनी ओढ असते आणि ती ओढच त्याला सपाट ठेवते.

सगळ्यात जास्त काम वाया घालवणारा गैरसमज मापाचा. 30 सेंटिमीटरची रिंग आणली म्हणजे 30 सेंटिमीटरचं मंडल विणायचं, असं सहज वाटतं. पण क्रोशाची वीण ताणते. रिंगेएवढं मंडल बसवताना छान दिसतं, मग दोरा हळूहळू सैल पडतो आणि मध्यभाग लोंबू लागतो. त्यामुळे मंडल रिंगेहून साधारण दहा टक्के लहान हवं. 30 सेंटिमीटरच्या रिंगेला 27 सेंटिमीटरचं. साखळ्यांच्या कमानींची मोकळी जाळी असेल तर 25 सुद्धा चालतं, घट्ट खांबांच्या विणीला 28 लागतं. रिंगेचा आतला व्यास मोजा. दुकानात सांगितलेलं माप कधी बाहेरचं असतं. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या की मंडल रिंगेवर धरून चारी बाजूंनी ओढून पाहा. एखादी फेरी उसवणं तेव्हा फार जड जात नाही.

माप जमलं की खळीचा प्रश्न आपोआप सुटतो. ‘कडक केल्याशिवाय क्रोशा उभा राहत नाही’ हे रिंगेशिवाय टांगायच्या वस्तूंना लागू आहे, विणलेल्या चांदण्यांना किंवा टोपल्यांना. रिंगेत कडकपणाचं काम ताण करतो. साबुदाण्याची किंवा कॉर्नफ्लॉवरची खळ म्हणजे स्टार्च, कसर आणि झुरळांचं खाद्य. कोकणात, गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर बुरशीही धरते. पाण्यात कालवलेला फेविकॉल त्याहून वाईट. तो धुऊन पुरता निघत नाही आणि दोऱ्याची लवचीकता घालवतो, म्हणजे ज्या गुणावर ही सगळी रचना उभी आहे तोच जातो.

इस्त्रीचं काय? सुती मंडल पाण्यात भिजवायचं, टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी गोल ताणून वाळवायचं. बस्स. अॅक्रिलिकची लोकर मुळात प्लॅस्टिक आहे. ती नुसत्या पाण्याने फारशी आकार धरत नाही आणि तिच्यावर थेट इस्त्री टेकवली तर टाके कायमचे चपटे, चकचकीत, मेल्यासारखे होतात. तिला इस्त्री वरच्यावर धरून फक्त वाफ द्यावी, तीही बेताने.

‘कडेला झालर आली तरी काय, रिंगेत सरळ होईल’ ही आशाही खोटी आहे आणि तिचं कारण शाळेच्या भूमितीत सापडतं. वर्तुळाची त्रिज्या एका फेरीच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या 2π पट, म्हणजे सुमारे सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक फेरीत 6 टाके वाढवायचे. साधा खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून तिथे 12. पहिल्या फेरीत 12 खांब, मग 24, मग 36. दर फेरीला 9 च वाढवले तर मंडलाची वाटी होते, 16 वाढवले तर झालर. उथळ वाटी ताणाने सपाट होते. दाट झालरीला मात्र रिंगेत जागाच नसते, जादा कापड चुण्यांसारखं गोळा होतं. तिथे उसवण्याला पर्याय नाही. प्रत्येकाचा हात वेगळा, त्यामुळे आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. दर तीन-चार फेऱ्यांनी मंडल टेबलावर ठेवून पाहिलं की पुरतं.

बसवायला सुरुवात एका जागी करून गोल फिरत जायचं, ही पद्धत बहुतेकांची. शेवटी एक तर मोकळी जागा उरते नाहीतर टाके उरतात, आणि एका बाजूची ओढ जास्त झाली की बारीक रिंग लंबगोल होते. आधी घड्याळाच्या बारा, सहा, तीन आणि नऊच्या जागी मंडल कच्च्या गाठींनी बांधा, मग प्रत्येक दोन गाठींच्या मधोमध. 30 सेंटिमीटरच्या रिंगेचा परीघ सुमारे 94 सेंटिमीटर. काठाला 24 कमानी असतील तर एकेका कमानीच्या वाट्याला जवळजवळ 4 सेंटिमीटर येतात. तेवढ्या अंतरावर रिंगेवर खुणा केल्या तर चूक होत नाही. झाल्यावर रिंग टेबलावर ठेवा. डुगडुगली तर कुठेतरी ओढ विषम आहे.

रिंग कुठलीही चालते, असंही नाही. भरतकामाच्या लाकडी रिंगेत दोन कडी असतात. क्रोशाचा जाड काठ त्यांच्यात चिमटून धरू नये, त्यात नक्षीच दबते. आतलं अखंड कडं तेवढं घ्या. साधं लोखंडी कडं दोऱ्याने झाकलं की गंजत नाही हा भ्रम आहे. सूत ओल धरून ठेवतं आणि गंजाचा डाग सुतातून काढणं फार कठीण. पावडर कोटिंगचं कडं घ्यावं, नाहीतर आधी रंग देऊन पूर्ण वाळवावं.

रिंगेला पिसं लावली की बाजारात त्याचं ‘ड्रीमकॅचर’ होतं. खरं ड्रीमकॅचर उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचं. अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी 1929 च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे: बाळाच्या पाळण्याला टांगलेली साडेतीन इंचांची लाकडी रिंग आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं दोऱ्याचं जाळं. त्यात क्रोशा नाही. दुसरीकडे, क्रोशाचं मंडल ही प्राचीन भारतीय कला असल्याचंही ठोकून दिलं जातं. आपल्याकडे हे विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर रुजलं. आंध्रातल्या नरसापूरची प्रसिद्ध क्रोशा लेस 1844 मध्ये आलेल्या स्कॉटिश मॅक्रे दांपत्यापासून सुरू झाली. बौद्ध मंडलात चार दारांचा चौकोनी प्रासाद असतो, क्रोशाच्या मंडलात नुसती वर्तुळं. सुंदर दिसायला त्याला पुराणाच्या आधाराची गरज नाही.

राहिला धुण्याचा मुद्दा. एकदा बसवलेलं मंडल काढता येत नाही, असं समजून ते धूळ खात ठेवलं जातं. शेवटच्या फेरीतच रिंग गुंफून टाकली असेल तर ती फेरी उसवावी लागते, हे खरं. म्हणून काठ आधी पूर्ण विणून संपवा आणि मंडल रिंगेला वेगळ्या दोऱ्याने बांधा. वर्षातून एकदा तो दोरा कापा, मंडल कोमट पाण्यात धुवा, ताणून वाळवा आणि पुन्हा बांधा. आणि भिंत निवडताना थेट ऊन येणारी टाळा, सुती दोऱ्याचे रंग उन्हात विटतात.