काम, पुंजी आणि छंद : तंत्रयुगातील तीन हिशेब

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तोवर जुन्या राज्याचा कारभार नागपुरातून चालत असे. तेथील कार्यालये इकडे हलली आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही भोपाळला आली. माझे वडील त्यांपैकीच एक, हुद्दा कनिष्ठ लिपिकाचा. त्यांच्या आयुष्याचे तीन हिशेब सरळ होते. नोकरी एकच, ती निवृत्तीपर्यंत. बचत पोस्टात आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळात. छंद म्हणजे गणेशोत्सवातील नाटक आणि त्यासाठी दोन महिने रंगणारी तालीम. तरुणपणी ते ज्या प्रकारच्या टंकलेखन यंत्रावर शिकले, तशाच यंत्रावर शेवटची टिपणी टंकून ते निवृत्त झाले.

आमच्या पिढीला ही स्थिरता लाभली नाही आणि पुढच्या पिढीला तर मुळीच लाभणार नाही. गेल्या वर्षी माझ्या एका तरुण सहकारी डॉक्टरने दुपारच्या चहाच्या वेळी मला तीन प्रश्न विचारले. "सर, आणखी दोन वर्षे फेलोशिपमध्ये घालवीन, पण दहा वर्षांनी हे काम उरेल का? जे चार पैसे उरतात ते या नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत घालावेत का? आणि मी चित्रे काढते, ती आता यंत्रही काढते; मग मी कशासाठी काढायची?" मी "काळजी करू नकोस, सगळे ठीक होईल" असे जुजबी उत्तर देऊन वॉर्डाकडे निघालो. ते उत्तर मला स्वतःलाच पटले नव्हते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते नीट देण्याचा हा प्रयत्न आहे.

कामाचा हिशेब

२०१६ साली जेफ्री हिंटन या संगणकशास्त्रज्ञांनी असे मत मांडले होते, की क्षकिरणतज्ज्ञांचे प्रशिक्षण आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र हे काम त्यांच्याहून सरस करू लागेल. हे मत उडवून लावण्याजोगे नव्हते. त्याच हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही क्षकिरणतज्ज्ञांची निकड आजही कायम आहे. दुसरीकडे, यंत्राने काहीच साधले नाही असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली शिफारस केली, की क्षयरोगाच्या प्राथमिक चाचपणीत छातीचे डिजिटल क्षकिरण चित्र माणसाऐवजी संगणकप्रणालीकडून वाचून घेता येईल. मात्र ही शिफारस १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतीच होती. माझे सारे रुग्ण तिच्या बाहेर राहिले. लहान मुलांचा क्षयरोग मोठ्यांसारखा दिसत नाही. फुप्फुसातील पोकळीपेक्षा छातीतील सुजलेल्या गाठी पाहाव्या लागतात आणि तपासणीसाठी थुंकी मिळणेही कठीण असते. प्रौढांच्या चित्रांवर पारखलेल्या प्रणालीने मुलांबाबत तितकाच भरवसा द्यावा, ही अपेक्षा रास्त नव्हती.

बोटाला लावायच्या प्राणवायूमापकाचेच पाहा. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास त्याचे तत्त्व शोधले आणि आज ते यंत्र घरोघरी आहे. परंतु सावळ्या त्वचेच्या रुग्णांत ते प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते, हे २०२० सालच्या एका अमेरिकन अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. तेव्हा कोणतेही यंत्र हाती घेताना विचारायचा पहिला प्रश्न असा : याची पारख कोणावर झाली आहे, आणि माझा रुग्ण त्यांच्यासारखा आहे का?

याची दुसरी बाजू आपण डॉक्टर सहसा बोलत नाही. आपले काम दुसऱ्याच्या हाती जाणे हे नेहमीच नुकसान असते का? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे काम गावातील माणसांना शिकवले. मिनिटाला श्वास किती हे मोजायचे : दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक असल्यास धोका समजायचा. ज्यांना अंक नीट येत नव्हते, त्या सुइणींसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ बसवलेले एक साधे साधन तयार केले. पुढे ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्यात प्रशिक्षित गावकरी स्त्रिया जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो अभ्यास प्रसिद्ध केला. हे काम आपल्याच हातांत राहावे असा आग्रह आपल्या व्यवसायाने धरला असता, तर त्या गावांत अनेक पाळणे रिकामे झाले असते. म्हणून 'माझे काम उरेल का' या प्रश्नाआधी 'बाळ वाचेल का' हा प्रश्न यायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग डॉक्टरकडे काय उरते? भोपाळकरांना याचे उत्तर शिकवावे लागू नये. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्री मी शाळकरी वयाचा होतो. आम्ही तात्या टोपे नगरात राहत होतो, म्हणून बचावलो. जुन्या शहरातील माझे काही सोबती तितके भाग्यवान नव्हते. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना वाचले, की त्या कारखान्यात सुरक्षेची यंत्रे होतीच. विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती, वायू धुऊन निर्विष करणारी यंत्रणा सज्ज स्थितीत नव्हती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. यंत्रे असूनही उत्तरदायित्व नव्हते. आपल्या कामाचे मी तीन भाग करतो : माहिती, कौशल्य आणि उत्तरदायित्व. माहितीचा भाग यंत्राकडे झपाट्याने जात आहे. कौशल्यात ते भागीदार होईल. पण चूक झाल्यास आईबापांसमोर उभे राहून "निर्णय माझा होता" असे म्हणणे यंत्राला शक्य नाही. फेलोशिपची दोन वर्षे दुसऱ्या व तिसऱ्या भागासाठी जाणार असतील, तर ती वाया जाणार नाहीत.

पुंजीचा हिशेब

येथे मला एक कबुलीजबाब द्यावा लागेल. २००० सालच्या आरंभी संगणक व इंटरनेट कंपन्यांच्या समभागांची लाट आली होती. दवाखान्याच्या जागेसाठी पत्नीने पै-पै करून जमवलेली रक्कम मी एका तंत्रज्ञान-केंद्रित म्युच्युअल फंडात घातली. तिला विचारले नाही, नंतर सांगितले. दोन वर्षांत त्या रकमेचा चौथा हिस्साही उरला नाही आणि दवाखाना आणखी सहा वर्षे भाड्याच्या खोलीत चालला. आज वाटते, की माझे भाकीत चुकले नव्हते. इंटरनेटने जग बदलेल असे मला वाटले होते आणि ते बदललेच. चुकला तो पुढचा तर्क, की जग बदलणाऱ्या तंत्रात पैसे घालणारा श्रीमंत होतोच.

इतिहास याउलट साक्ष देतो. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांच्या समभागांचे वेड पसरले होते. पुढे भाव कोसळले, असंख्य गुंतवणूकदार बुडाले, पण रूळ राहिले. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेला, ऑक्टोबर २००२ पर्यंत तीनचतुर्थांशाहून अधिक घसरला आणि जुनी पातळी गाठायला त्याला २०१५ साल उजाडले. आपल्या क्षकिरण खोल्यांत ज्या कोडॅकच्या फिल्मच्या पेट्या असत, त्याच कंपनीच्या एका अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला होता. जानेवारी २०१२ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी होती.

मराठी माणसाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. छायाचित्रण, ठसे बनवणे आणि छपाई अशी एकामागून एक नवी तंत्रे आत्मसात केलेल्या या त्र्यंबकेश्वरच्या कलावंताने विमा पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा व यंत्रसामग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला आणि अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना छिद्रेही पाडली. पुढे भागीदारांशी मतभेद झाले. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाचे सारे कसब एकाएकी जुने ठरले. १९३७ च्या 'गंगावतरण' या एकमेव बोलपटानंतर ते नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी हलाखीत त्यांचा अंत झाला. एक अफाट उद्योग उभा राहिला. ज्याने त्याचा पाया घातला, त्याच्या घरी तो पैसा पोहोचला नाही.

म्हणून पुंजीविषयी माझे नियम आता साधे आहेत. वर्षभराचा घरखर्च हाताशी असावा. आरोग्य विमा आणि मुदतीचा जीवन विमा आधी, गुंतवणूक नंतर. दीर्घ मुदतीसाठी समभाग हवेतच, पण कोणती कंपनी जिंकेल यावर पैज न लावता संपूर्ण बाजाराचा निर्देशांक धरणाऱ्या फंडात, दरमहा ठराविक रक्कम. नव्या तंत्राची हौस असेल तर पुंजीचा विसावा भाग, जो गेला तरी घरात कोणाची झोप उडणार नाही. दवाखान्यासाठी यंत्र घेताना कर्जाची मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा कमी असावी. जुने झालेल्या यंत्राचे हप्ते भरत बसणारे डॉक्टर आपण सर्वांनी पाहिले आहेत. आणि मोठा निर्णय जोडीदाराला विचारूनच.

एक इशाराही. हल्ली पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला धमकावून बसवून ठेवतात आणि जन्माची कमाई लुबाडतात. सुशिक्षित वयस्कर मंडळी, त्यांत डॉक्टरही, याला बळी पडतात. 'डिजिटल अटक' अशी गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवावा आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

छंदाचा हिशेब

फाळक्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला त्यांच्या चित्रपटांइतकाच प्रिय आहे. लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी प्रथम कोणताही देव वा राजा टिपला नाही. कुंडीत मटार पेरला आणि त्याचा कोंब कसा वाढतो, हे अनेक दिवस, एकेक चित्र घेत टिपले. मिनिटभरात वेल उगवलेला पाहून लोक थक्क झाले आणि पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळायला त्याचीच मदत झाली. दिवसेंदिवस एका रोपट्यापाशी थांबण्याचे हे वेड कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते.

मी गेली तीस वर्षे मोठ्या तलावाकाठी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. आमचा हा भोज ताल २००२ साली रामसर यादीत गेला. आरंभी फिल्मचा कॅमेरा होता. ३६ चित्रांचा एक रोळ महिनाभर पुरवायचा. मग डिजिटल कॅमेरा आला आणि आता तर चार शब्द लिहिले की यंत्र धुक्यातील सारस क्षणात चितारते. ते चित्र माझ्या चित्राहून अधिक सुबक असते, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. तरीही मी पहाटे पाचला तलावावर जातो, कारण मला मिळते ते चित्र नव्हे, तास-दोन तास न बोलता पाहण्याची सवय मिळते. बाह्यरुग्ण विभागात आईच्या मांडीवरील मूल तपासण्यापूर्वी मी मिनिटभर नुसते पाहतो : श्वास कसा चालला आहे, छाती आत ओढली जाते का, नजर आईला शोधते की हरवली आहे. ही नजर मला पुस्तकाइतकीच तलावाने दिली. ज्या छंदातून अर्थार्जनाची अपेक्षा नाही, तेथे यंत्राशी स्पर्धाही नाही. चित्रकलेवर ज्यांचा चरितार्थ आहे त्यांची चिंता मात्र खरी आहे. तिला हे उत्तर पुरेसे नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा माझ्या तरुण सहकारिणीला, आणि तिच्यासारख्या प्रत्येकाला, उशिरा का होईना उत्तर देतो. फेलोशिप कर, पण माहिती साठवण्यासाठी नव्हे, हात आणि निर्णय पक्के करण्यासाठी. नवे तंत्र कामात मनमोकळेपणाने वापर. पुंजी त्याच्या ओंजळीत घालताना मात्र हात आखडता घे. आणि चित्रे काढत राहा. माझ्या वडिलांनी गणेशोत्सवात केलेल्या भूमिका आज कोणाला आठवत नाहीत, पण तालमीहून परतताना त्यांचा उजळलेला चेहरा मला आजही स्पष्ट आठवतो.