मिठावरील संशोधन आणि ‘वाचक’ या शब्दाचा अर्थ

एखाद्या शोधनिबंधाचा प्रभाव किती, हे ठरविण्याचे रूढ साधन म्हणजे त्याचा इतर निबंधांत झालेला संदर्भोल्लेख. इंटरनेटवरील चर्चाही या मोजमापात धरावी, अशी मागणी करणारा ‘ऑल्टमेट्रिक्स’चा जाहीरनामा जेसन प्रीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून निबंधाच्या शीर्षकाशेजारी ‘अवधान’ व ‘वाचकसंख्या’ दर्शविणारे आकडे दिसू लागले. हे आकडे नेमके कशाचे आहेत, याचा विचार आहारातील मिठावरील संशोधनाच्या आधारे येथे केला आहे.

प्रथम संज्ञांचे अर्थ पाहणे अवश्य आहे. ‘मेंडेली’ या संदर्भसंग्राहक साधनात ‘वाचक’ म्हणजे ज्याने निबंधाची नोंद आपल्या संग्रहात ठेवली तो. त्याने निबंध वाचलाच असेल असे नाही. ‘ऑल्टमेट्रिक’ या सेवेचा अवधानांक वेगळ्या रीतीने सिद्ध होतो. वृत्तपत्रे, अनुदिन्या, समाजमाध्यमे इत्यादींतील उल्लेखांना निरनिराळे भार देऊन त्यांची बेरीज केली जाते. मेंडेलीची वाचकसंख्या या बेरजेत धरली जात नाही. शिवाय, उल्लेख स्तुतीचा आहे की निंदेचा, हा भेद त्या अंकात राहत नाही. सारांश, एका आकड्यात वाचन गृहीत धरलेले आहे, तर दुसऱ्यात संमती व विरोध एकत्र मिसळलेले आहेत.

मिठाचा प्रश्न यासाठी विशेष उद्बोधक आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या ऑगस्ट 2014 मधील एकाच अंकात परस्परांशी न जुळणारे दोन निबंध आले. दररोज 2 ग्रॅमहून अधिक सोडियम घेतल्यामुळे 2010 या वर्षी जगभरात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे 16 लाख 50 हजार मृत्यू झाले, असा अंदाज एका निबंधाने मांडला. दुसरा निबंध ‘प्युअर’ या बहुराष्ट्रीय अध्ययनाचा होता. त्यातील एक लाखाहून अधिक व्यक्तींमध्ये 3 ते 6 ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांचा धोका सर्वांत कमी, तर त्याहून अधिक तसेच त्याहून कमी घेणाऱ्यांचा धोका अधिक आढळला. रूढ सल्ल्याला छेद देणारे विधान वृत्तमूल्य वाढविते, आणि विरोधकांनी केलेल्या खंडनाचीही भर त्याच अंकात पडते.

आता शब्दाचा प्रश्न पाहू. संशोधक ‘सोडियम’ मोजतात, तर सामान्य वाचक ‘मीठ’ खातो. एक ग्रॅम मिठात सोडियम सुमारे 0.4 ग्रॅम असते. म्हणजे 3 ते 6 ग्रॅम सोडियम हे सुमारे साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ होय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 ग्रॅम सोडियमहून, अर्थात 5 ग्रॅम मिठाहून कमी अशी आहे. बातमीत ‘सोडियम’च्या जागी नुसते ‘मीठ’ आले की ‘प्युअर’चा आकडा त्या मर्यादेच्या जवळपास येऊन बसतो आणि मूळ विरोधच नाहीसा होतो. अशी चुकीची बातमीदेखील अवधानांकात योग्य बातमीइतकीच भर घालते.

दुसरी बाब पद्धतीची. ‘प्युअर’मध्ये सोडियमचे प्रमाण सकाळच्या लघवीच्या एकाच नमुन्यावरून सूत्राने अनुमानिले होते. चोवीस तासांची लघवी गोळा करणे अधिक विश्वसनीय. परंतु एवढ्या मोठ्या समुदायात ते दुष्कर. आधीच आजारी असलेली माणसे कमी खातात, त्यामुळे कमी सोडियम हे आजाराचे कारण नसून परिणाम असू शकेल, हाही आक्षेप घेतला गेला. वादाचे मर्म येथे आहे. मात्र कोणत्याही अंकात त्याचा मागमूस नसतो.

मग जुन्या संदर्भोल्लेखाकडेच परतावे काय? तेही पुरेसे नाही. त्रँकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या वादातील 269 लेखनांचे परीक्षण केले. लोकसमुदायाने मीठ कमी करणे हितावह आहे, या मताला 54 टक्के लेखने अनुकूल, 33 टक्के प्रतिकूल, तर 13 टक्के अनिर्णायक होती. प्रत्येक पक्ष स्वपक्षीय निबंधांचाच उल्लेख अधिक करीत होता. एकूण लेखनांपैकी मूळ संशोधन केवळ चतुर्थांश होते. दोनतृतीयांश भाग टिप्पण्या, पत्रे व आढावे यांनी व्यापला होता.

तात्पर्य, नोंद ठेवणे, उल्लेख करणे, वाचणे आणि मान्य करणे या चार भिन्न क्रिया आहेत. त्यांना ‘वाचक’ वा ‘प्रभाव’ अशा एकाच शब्दाखाली आणल्याने मोजणी सुलभ होते, पण अर्थ हरवतो. एखाद्या निबंधाचा अंक मोठा असेल तर तो प्रथम निबंध उघडण्याचे निमंत्रण समजावा. उघडल्यावर काय मोजले, कोणत्या एककात मोजले आणि कोणत्या रीतीने मोजले, हे तीन प्रश्न विचारावेत. मिठाबाबत या प्रश्नांच्या उत्तरावर रक्तदाबाच्या रुग्णाला द्यावयाचा सल्ला अवलंबून असल्याने येथील शब्दविवेक हा केवळ भाषेचा विषय राहत नाही.