बीएड झालं, पण गावच्या शाळेत अर्ज का चालत नाही? आधी वर्ग ठरवा, मग डिग्री

मागच्या महिन्यात एक काका पिशवीत फाईल घेऊन आमच्याकडे आले. मुलीचं बी.ए. मराठी झालेलं, त्यावर बीएड. दोन्हीला चांगले मार्क. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि तिथली एक जागा रिकामी. काकांचा प्रश्न साधा होता : “भाऊ, पोरीनं पाच वर्षं घालवली. बारावीवर डीएड केलेल्याला ही जागा चालते आणि माझ्या पोरीला नाही. मोठी डिग्री असून छोट्या वर्गाला चालत नाही म्हणजे काय?”

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. बीएडचे फॉर्म सुटले की गावोगावी पोरं-पोरी ते भरतात, कारण ‘शिक्षक व्हायचं तर बीएड’ हे डोक्यात पक्कं बसलंय. ते अर्धंच खरं आहे.

आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर. शिक्षणात डीएड ही खालची पायरी आणि बीएड ही वरची पायरी, असं नाही. दोन्ही वेगवेगळ्या वयाच्या मुलांसाठीची तयारी आहे. सहा वर्षांच्या पोराला अक्षर ओळखायला लावणं, दहातून तीन वजा करताना तो कुठे अडखळतो ते ओळखणं, घरी कोरकू किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातल्या मराठीपर्यंत आणणं हे काम डी.एल.एड.मध्ये, म्हणजे आपण ज्याला अजून डीएड म्हणतो त्यात शिकवतात. बीएडमध्ये भर विषय शिकवण्यावर असतो : इतिहास कसा शिकवायचा, बीजगणित कसं, इंग्रजी कसं. त्याचा रोख मोठ्या वर्गांवर आहे.

मधल्या काळात गोंधळ झाला तो दिल्लीच्या एका आदेशाने. देशभरातल्या शिक्षक प्रशिक्षणाचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. इंग्रजी अक्षरांवरून तिला एनसीटीई म्हणतात. या परिषदेने २८ जून २०१८ ला अधिसूचना काढून बीएडवाल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं. अट एकच : नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. राजस्थानात यावरून कोर्टकचेरी झाली. शेवटी ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राथमिक वर्गांसाठी बीएड ही पात्रता नाही. लहान मुलांना दर्जेदार शिक्षण मिळणं हा त्यांचा मूलभूत हक्क आहे आणि त्यासाठीचं शिकवण्याचं कौशल्य बीएडमध्ये मिळत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

त्या तारखेच्या आधी जे नेमले गेले होते, त्यांना पुढे अटींसह दिलासा मिळाला. ब्रिज कोर्स आहे तो त्यांच्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘बीएडवाल्यांनो, ब्रिज कोर्स करा आणि पहिली ते पाचवीला पात्र व्हा’ हा मेसेज नव्या उमेदवारांसाठी खोटा आहे. त्या नावाखाली कुणी फी मागत असेल तर देऊ नका.

मग बीएडवर कुठे शिकवता येतं?

सहावी ते आठवी, आणि नववी-दहावी. विषयात एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. असेल तर त्यासोबत बीएडवर अकरावी-बारावीही. इथे दुसरी गोष्ट लक्षात घ्या, जी कॉलेजचं माहितीपत्रक ठळक छापत नाही : पदवीचा विषय. भरतीत जागा ‘बीएड’ म्हणून निघत नाहीत. त्या गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र अशा विषयांच्या निघतात, त्यातही माध्यमानुसार आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार. बी.कॉम.वर बीएड करणाऱ्यांची इथेच अडचण होते. दहावीपर्यंत वाणिज्य हा विषय नाही. तो येतो अकरावीला आणि तिथे एम.कॉम. लागतं. प्रवेश घेताना हे कुणी सांगितलं नाही, असं म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात.

आता थोडं बीएडच्या आत डोकावू. पूर्वी बीएड एक वर्षाचं होतं. तुमच्या गुरुजींनी बहुधा तेच केलेलं असेल. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी ते २०१५-१६ पासून दोन वर्षांचं झालं. बदलाच्या मागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता. आणि तो आयोग नेमला गेला तो आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणावरून, हे फार कमी लोकांना माहीत आहे. डीएड कॉलेजांचं पीक आलं होतं, राज्य सरकार नव्या कॉलेजांना नको म्हणत होतं आणि एनसीटीईची विभागीय समिती मान्यता देत सुटली होती. वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या काळात डीएड करून बाहेर पडलेली हजारो पोरं आज शेती, दुकान, पतसंस्था असं मिळेल ते काम करतायत. आपल्या भागात असं एखादं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

दोन वर्षांतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे शाळेतला अनुभव. नियमाप्रमाणे एकूण २० आठवडे शाळेत काढायचे : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. पाठ घ्यायचे, वर्ग सांभाळायचा, पेपर काढायचे, तपासायचे. हजेरीची अट वर्गासाठी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के आहे. म्हणजे सोमवार ते शनिवार नीट चालणारं कॉलेज असेल तर सोबत रोजंदारी किंवा कंपनीतली ड्युटी जमत नाही. घरचं बजेट करताना फीइतकाच हाही हिशोब धरा. दोन वर्षं एक कमावता हात कमी होणार, वर रोजचा एसटीचा किंवा रूमचा खर्च.

याच अटीमुळे दुसरा धंदा उभा राहिलाय. फोन येतो : “कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या. हजेरी आम्ही बघतो.” कधी कॉलेज परराज्यातलं असतं, कधी आपल्याच जिल्ह्यातलं. पोरगं म्हणतं, बरं झालं, काम सुटत नाही. पण असं बीएड कागदावरच राहतं. वर्गात उभं राहिल्यावर काय करायचं ते कळत नाही आणि कागदपत्र तपासणीत हजेरीचा, मान्यतेचा प्रश्न निघाला तर दोन वर्षं आणि पैसा दोन्ही पाण्यात. घरी राहून बीएड करण्याचा कायदेशीर मार्ग आहे, पण तो मोजक्यांसाठी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखं दूरशिक्षण बीएड हे आधीच प्रशिक्षित असलेल्या, म्हणजे मुख्यतः डीएड करून सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. नुसतं बी.ए. झालेल्याला ते मिळत नाही.

प्रवेशाचा सरळ रस्ता असा. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, बीएडची सीईटी घेतो. अलीकडच्या वर्षांत ती मार्च-एप्रिलमध्ये होते आणि फॉर्म त्याच्या बरेच आधी सुटतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा असतो. ‘निकाल लागला की बघू’ म्हणणाऱ्याचं एक वर्ष जातं. पेपर १०० मार्कांचा, वेळ ९० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के लागतात.

सीईटीनंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश. इथे घाई करून परस्पर कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊ नका. सरकारच्या शिष्यवृत्त्या आणि फी सवलती मिळायच्या तर प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. कोणत्या कॉलेजला किती फी मंजूर आहे हे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तो आकडा त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजच्या नावासमोर दिसतो. त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा. पावती म्हटलं की बऱ्याचदा आकडा खाली येतो. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदं फॉर्मच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला काय गर्दी असते ते सांगायला नको.

समजा, बीएड झालं. वकिलाला सनद मिळते तशी काही सनद शिक्षकाला मिळत नाही. त्या जागी आपल्याकडे टीईटी आहे, शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाल्यावर पहिली ते आठवीसाठी ती सक्तीची झाली. महाराष्ट्रात पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते, पहिली परीक्षा झाली डिसेंबर २०१३ मध्ये. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. बीएडवाल्यांनी पेपर दोन द्यायचा. १५० पैकी ९० मार्क, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी पास असाल तर तीही धरतात.

टीईटीला हलक्यात घेऊ नका. निकाल फार कमी टक्के लागतो, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तर सेवेतल्या शिक्षकांनाही ती लावली. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी पुन्हा पुस्तक घेऊन बसले ते यामुळे. आणि पैसे देऊन पास होऊ म्हणणाऱ्यांनी २०१९ ची टीईटी आठवावी. त्या घोटाळ्यात सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली आणि परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांना पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये अटक केली.

टीईटीनंतरही एक दार उरतं : टेट, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. नावं सारखी वाटतात पण काम वेगळं. टीईटी पात्र ठरवते, टेट रांगेतला नंबर ठरवते. २०० मार्क, दोन तास. यात पास-नापास नाही. मिळालेल्या मार्कांवर पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदा आणि खासगी अनुदानित संस्थांच्या जागा भरल्या जातात. नववीच्या पुढच्या जागांना टीईटी लागत नाही, टेट मात्र लागते.

आता कॅलेंडर बघा. टेट झाली डिसेंबर २०१७ मध्ये, नंतर थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, त्यानंतर मे-जून २०२५ मध्ये. २०१८ मध्ये बीएड होऊन बाहेर पडलेल्या मुलाला पहिली संधी मिळायलाच पाच वर्षं गेली. त्या काळात कुणी कोचिंग क्लासवर तासिकेप्रमाणे शिकवलं, कुणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत किरकोळ पगारावर राबलं. बीएडची दोन वर्षं मोजताना ही वाट बघण्याची वर्षंही मोजली पाहिजेत, आणि ती सरकारच्या हातात आहेत, पोराच्या नाही. माझं स्पष्ट मत आहे की भरतीचं वेळापत्रक ठरल्याशिवाय कॉलेजांच्या जागा भरत राहणं हा मुलांवर अन्याय आहे.

नंबर लागला तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार रुपये. पूर्वी यांचीच सुरुवात सहा हजारांपासून होती. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी.

‘संस्थेत इतके लाख भरा, लगेच ऑर्डर’ ही वाट अजून पुरती बंद झालेली नाही. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं. शालार्थ म्हणजे शिक्षकांचा पगार निघतो ती सरकारी प्रणाली. बोगस नेमणुकांना तिथे आयडी देऊन पगार काढले गेल्याचा तो तपास. जमीन विकून अशी ऑर्डर घेतलेल्याच्या हातात पुढे काय राहील याचा विचार करा.

जे पोर आज बारावीला आहे त्याच्यासाठी एक नवा रस्ताही आहे : चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र. तो २०२३-२४ पासून देशात सुरू झालाय आणि त्याला राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं जाण्याऐवजी एक वर्ष वाचतं. मात्र तो मोजक्याच संस्थांत आहे. एक वर्षाचं बीएड पुन्हा येणार अशी चर्चा आहे, तिचा मसुदा २०२५ मध्ये आला. पण मसुद्याच्या भरवशावर यंदाचा प्रवेश थांबवू नका किंवा ‘एका वर्षात बीएड’च्या जाहिरातीला पैसे देऊ नका.

काकांना हे सगळं सांगायला तासभर लागला. त्यांच्या मुलीसाठी रस्ता आहे : टीईटीचा पेपर दोन, मग टेट, आणि सहावी ते आठवीला भाषा विषयाची जागा. गावात ती शाळा नाही, पण बारा किलोमीटरवर सातवीपर्यंतची आहे. काकांनी फाईल पिशवीत घातली, उठले आणि दारातून परत फिरले. धाकटी यंदा बारावीला आहे म्हणे, आणि तिला लहान पोरांत रमायला आवडतं. “डीएडचा फॉर्म कधी सुटतो तेवढं सांगा,” म्हणाले.