लोणारच्या कांठावरील नागरिकशास्त्र

संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची हीं तीन नांवें मुलें रामरक्षेसारखीं घडघडां म्हणून दाखवितात व परीक्षेंत गुणहि मिळवितात. आम्हींहि पुष्कळ वर्षें तेवढ्यावरच समाधान मानिलें, हें कबूल केलें पाहिजे. लोणारला मात्र हा विषय डोळ्यांनीं पाहतां येतो.

सरोवराच्या कांठावर वर्ग उभा करावा. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. लवणासुराची कथा मुलांस घरींच ठाऊक असते. त्याचा वध करणाऱ्या दैत्यसूदन विष्णूचें गांवांतील देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. विवराच्या उतारावरील रान २००० सालीं अभयारण्य झालें. त्याची राखण राज्याचें वनखातें करतें. तथापि वनें व वन्य प्राणी हे विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनें राज्यसूचींतून समवर्ती सूचींत गेले, म्हणून तेथें केंद्राचाहि कायदा चालतो. (शिक्षणहि त्याच वाटेनें गेलें, तेव्हां आम्ही मास्तर आणि त्या रानांतले मोर एकाच सूचींतले!)

गांवची स्वच्छता नगरपरिषदेकडे. १९९३ पासून अमलांत आलेल्या ७४व्या दुरुस्तीनें अशा संस्थांस घटनेंत स्थान मिळालें, बाराव्या अनुसूचींत अठरा विषयहि लिहिले गेले. पण त्यांपैकीं प्रत्यक्ष हातीं काय द्यावयाचें, तें राज्याचें विधिमंडळच ठरवितें. ही गोष्ट वर्गांत सहसा सांगितली जात नाहीं.

एकदां आमच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, गटाराचें पाणी नगरपरिषदेच्या हद्दींतून अभयारण्यांत उतरलें, तर तक्रारीचा कागद कोणाकडे द्यावयाचा?” प्रश्न पोरकट नव्हता. सरोवराच्या पाण्यास बाहेर पडण्याची वाट नाहीं. आंत गेलेलें आंतच राहतें. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें जावा लागला, तो उगाच नव्हे. २०२० च्या जूनमध्यें पाणी गुलाबी दिसूं लागलें, तेव्हां तें खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळलें. त्याच सालीं सरोवर आंतरराष्ट्रीय रामसर यादींतहि गेलें.

आम्हीं त्या मुलीस तयार उत्तर दिलें नाहीं. गटाराविषयीं नगरपरिषदेस, रानाविषयीं वनाधिकाऱ्यास आणि दोहोंचा मेळ घालण्याविषयीं जिल्हाधिकाऱ्यास, असे तीन अर्ज वर्गाकडून लिहवून घेतले. एकानें तिन्ही अर्ज एकाच कागदावर लिहून तिघांच्याहि नांवें प्रती काढल्या. त्यास गुण किती द्यावे, याचा निर्णय आम्हीं निवृत्त होईपर्यंत केला नाहीं.